एका नावापुढचे चार अंगठे

ती दुपार अजून माझ्या मनातून उतरलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भुसावळच्या रुळांवरून प्रेतं चादरीत गोळा केली. त्यांतलं बरंचसं आता पुसट झालं आहे. ही घटना मात्र जशीच्या तशी आहे. तिच्यात रक्ताचा थेंब नाही आणि सगळं घडलं ते भर उन्हात. घरात आता मी एकटाच असतो, वेळ भरपूर आहे, म्हणून सावकाश लिहितो आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. कचेरीच्या मागे दुय्यम कारागृह होतं. पुरुषांच्या चार कोठड्या, समोर आवार, आणि मधे भिंत घालून वेगळी केलेली बायकांची एकच कोठडी. पहारा आमच्या गार्डाचा. सकाळी कोठड्या उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना कैद्यांची गिनती व्हायची. गिनती म्हणजे डोकी मोजायची; तोंडं पाहायची नाहीत.

बायकांच्या कोठडीत तेव्हा दोघीच होत्या. एक हातभट्टीच्या गुन्ह्यातली म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू झालेली. दुसरी अठ्ठावीस-तीस वर्षांची, नवऱ्याला विष घातल्याच्या आरोपाखाली आणलेली. हा दुसरा गुन्हा माझ्याकडेच तपासाला होता.

तिचं सासर तिथून दीड कोसावरच्या गावात. केळी आणि कापूस करणारं घर. नवरा पौषात रात्रीचं जेवण करून उठला आणि पहाटेपर्यंत संपला. पोटात विष निघालं. स्वयंपाक तिने केलेला, पण तेच जेवण घरातल्या सगळ्यांनी खाल्लेलं आणि बाकी सगळे धडधाकट. घरातली पिठं, तिखट, तेल, गूळ, सगळं आम्ही पंचनामा करून जप्त केलं आणि तपासणीला पाठवलं. कशातही काही निघालं नाही. विष पोटात कसं गेलं हे सांगता येईना. आरोपपत्र दाखल केलं खरं, पण ते कच्चं आहे हे मला ठाऊक होतं. ती एकच वाक्य बोलायची : मला काही माहीत नाही.

झडतीच्या दिवशी माझ्या हातून एक गोष्ट राहिली होती. स्वयंपाकघराच्या माळ्यावर एका कोपऱ्यात कानबाईची पेटी होती. खानदेशात श्रावणात घरोघर ही देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटाचं पीठ, तिची भांडी, यांना घराबाहेरच्या माणसाचा हात लागू देत नाहीत. शिपाई शिडीवर चढला तेव्हा म्हातारी सासू आडवी झाली. तिच्या मुलाला आदल्याच दिवशी अग्नी दिलेला. तिच्याकडे पाहून मी शिपायाला खाली उतरवलं. त्या वेळी मला ते शहाणपण वाटलं.

आता दुसरी चूक. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात पुरुषांच्या बाजूचा एक कैदी भिंतीवरून उडी मारून पळाला. धुळ्याकडचा, मारामारीत शिक्षा झालेला. सुटायला अवघे एकोणीस दिवस राहिले होते. संध्याकाळी भुसावळच्या फलाटावर हातात वडा घेऊन बसलेला सापडला. हवालदाराला म्हणाला, एवढा खाऊन घेऊ द्या, पैसे दिलेत. मी त्याला विचारलं, एकोणीस दिवसांसाठी दोन वर्षं वाढवून घेतलीस, उडी मारताना काय विचार केलास? तो खरोखर आठवू लागला.

"गाडीची शिट्टी झाली, साहेब. पाय निघाले. विचार उडी मारल्यावर केला."

तुरुंगातल्या पुरुषांकडून हेच मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. डोकं फिरलं, हात उठला, समोर कुऱ्हाड होती. बायकांचं उलट. त्यांचे गुन्हे थोडे, पण महिनोन् महिने मनात शिजलेले. आत आल्यावर त्या भिंतीकडे बघतसुद्धा नाहीत. गार्डाचे हवालदार, सगळे त्यांना नाना म्हणायचे, म्हणाले, साहेब, बायका पळत नसतात. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून बायकांच्या बाजूचा शिपाई काढून मी पुरुषांच्या भिंतीपाशी उभा केला. त्या बाजूला रोजावर येणारी एक देखरेखीची बाई तेवढी राहिली, आणि ती अकराला जेवायला घरी जायची ती उन्हं कलल्यावर परतायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी त्या गावचे पोलीस पाटील ठाण्यात आले. टोपी काढून घाम पुसला, पाणी प्यायले, पण बसले नाहीत. मग त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, ती सुटली का?"

मी म्हणालो, कोण? त्यांनी नाव घेतलं. मी म्हणालो, खुनातली बाई अशी सुटते का? पाटील म्हणाले, मग काल दुपारी गावात कोण आलं होतं?

त्यांनी सांगितलं ते असं. काल बाराच्या पुढची वेळ. वैशाखात आमच्याकडे त्या वेळी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. घरचे पुरुष आखाजीच्या बाजाराला गेलेले. धाकटी सून, म्हणजे आरोपी बाईची जाऊ, कामाला बाहेर पडलेली. म्हातारी सासू ओसरीवर आडवी, शेजारी आरोपीची सात वर्षांची मुलगी झोपलेली. म्हातारीला बांगड्यांचा आवाज आला. डोळे उघडले तर थोरली सून माळ्याच्या शिडीवरून खाली उतरत होती. म्हातारी उठून बसली. दोघींची नजरानजर झाली. सून पोरीपाशी वाकली, मागच्या दाराने केळीच्या बागेत शिरली आणि दिसेनाशी झाली.

मी म्हणालो, उन्हाचा भास असेल. पाटील म्हणाले, तसंच म्हणालो असतो. पण म्हातारी जे सांगते त्याने गल्ली ओस पडलीय. आणि तिचे शब्द त्यांनी तिच्याच बोलीत ऐकवले.

"हातमा हिरव्या बांगड्या व्हत्यात. कपायले कुंकू व्हतं. लुगडं घरनंच व्हतं."

नवरा मेल्याला चार महिने झाले होते. तिच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं गेलं, ते साऱ्या गावाने पाहिलं होतं. आणि ती आली ती नवरा जिवंत असताना जशी दिसायची तशी. मेलेल्याचं भूत लोकांना समजतं. जिवंत बाई एका जागी कोंडलेली आणि तीच दुसऱ्या जागी सवाष्ण होऊन हिंडते, याला त्यांच्याकडे नाव नव्हतं. पाटील निघताना आणखी एक बोलले. पोरगी झोपेतून उठली तेव्हा तिच्या कपाळाला कुंकू फासलेलं होतं. घरात कुणी लावलेलं नव्हतं.

मी कारागृहात फोन केला. नाना म्हणाले, गिनती बरोबर, बाई आत आहे, कालही होती. मी फोन ठेवला. ते कुंकू मात्र डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी, आखाजीला, पळालेल्या कैद्याच्या चौकशीचे कागद पुरे करायला मी सकाळी दहाच्या सुमारास कारागृहात गेलो. भेटीचं रजिस्टर मागवलं. कैद्यांच्या भेटीचा वार ठरलेला असे. तिथल्या जुन्या जेलरने एक पद्धत घालून दिली होती : भेटीला आलेल्याने आत जाताना अंगठा द्यायचा आणि बाहेर पडतानाही द्यायचा. जेलर बदलून गेला, पद्धत चालू राहिली. का चालू आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

परवाच्या पानावर जावेचं नाव दोनदा होतं. अकरा वाजता आत, साडेअकराला बाहेर. पुन्हा चार वाजता आत, सव्वाचारला बाहेर. नानांना विचारलं. ते म्हणाले, सणाचं लुगडं द्यायचं राहिलं म्हणून परत आली, गरीब बाई, उन्हात दोन खेपा केल्या बिचारीने. मी विचारलं, तोंड पाहिलंत? नाना जरा दुखावले. म्हणाले, "माझ्या सुनेएवढी ती, साहेब. नाकापर्यंत पदर. तोंड कसं पाहणार?"

एका नावापुढे चार अंगठे होते. ठसे वाचणं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात, पण एवढ्याला भिंगही लागत नाही. आपल्याकडे कुठलीही आजी नातवाच्या बोटावरचे शंख आणि चक्र सांगते. मी पान उजेडात धरलं. पहिला अंगठा शंख. दुसरा चक्र. तिसरा चक्र. चौथा पुन्हा शंख.

आत एक बाई गेली होती, बाहेर दुसरी आली होती. दुसरी परत आत गेली आणि पहिली बाहेर पडली. मधले साडेचार तास कोठडीत आरोपी नव्हतीच. गिनती मात्र बरोबर होती.

अटकेच्या वेळच्या ठशांचा कागद काढला. उजवा अंगठा, चक्र. मग कोठडीतल्या म्हातारीला विचारलं, परवा दुपारी तुझ्याजवळ कोण बसलं होतं? ती म्हणाली, "माले काय इचारतस? माले बठ्ठ्या सारख्याच दिसतंस." आणि दात नसलेल्या तोंडाने हसली. मग आपण होऊन म्हणाली, ती रडत होती पण, परवा. ही कधी रडत नाही.

मी आरोपीला देखरेखीच्या बाईसमोर ओसरीवर बसवलं. रजिस्टर तिच्यापुढे उघडं ठेवलं. ती कधीच घाईने बोलायची नाही, पण त्या दिवशी तिचा चेहरा पाहून मला धक्का बसला. दोन दिवसांत गाल आत गेले होते. मी सांगितलं, तू परवा घरी गेली होतीस. माळ्यावर चढलीस. काय आणायला गेली होतीस?

ती अंगठ्यांकडे बघत राहिली. बाहेर आवारात कुणीतरी सणाचं गाणं गुणगुणत होतं. तिने मान वर केली ती माझ्याकडे बघायला नाही, सूर्य कुठे आलाय ते बघायला.

"साहेब," ती म्हणाली, "आधी गाडी धाडा. पोरले लाडू खाऊ देऊ नका."

मी जीप काढली. तिला मागे बसवलं, बरोबर देखरेखीची बाई आणि दोन शिपाई. वाटेत ती तुटक तुटक बोलत गेली. नवऱ्याला कंबरदुखी होती. रात्री जेवणानंतर तो खायचा त्या मेथीच्या लाडवांसाठी भाजलेल्या पिठाचा एक वेगळा डबा असायचा, त्याला दुसरं कुणी हात लावत नसे. त्यात तिने धान्यातले किडे मारायची विषारी पावडर मिसळली होती. खून झाल्यावर डबा कानबाईच्या पेटीमागे सरकवला, कारण तिथे परक्याचा हात जाणार नाही हे तिला माहीत होतं. माझा हात गेला नाही.

मग परवा अकराला भेटीला आलेली जाऊ सहज बोलून गेली : आखाजीला त्यांच्या नावाची, पितरांची पहिली घागर भरायची आहे. सासूला पेटीमागे त्यांच्या लाडवांचं पीठ सापडलं. त्यांना आवडायचे म्हणून तेच लाडू पानात ठेवणार आहे. पोरगी आत्तापासून मागते.

पितरांच्या पानातलं मागून सगळं घर खातं. जावेला खरं सांगावं तर गळ्यात दोर. न सांगावं तर पोर. तिने तिसरा रस्ता काढला. पोरीला एकदा डोळ्यांनी पाहून येते, एवढंच ती जावेला म्हणाली.

"मग डबा आणलास ना?" मी विचारलं.

"आणला. केळीत पुरला. पण डबा हलका लागला, साहेब. लाडू वळून झाले होते. शोधले असते, तर म्हातारी उठली."

परत आल्यावर तिने जावेला एकच गोष्ट बजावली होती : कावळा घासाला शिवल्याशिवाय पोरीला पानाला हात लावू देऊ नको. कावळा खाईल, मरेल, सगळ्यांना दिसेल. ती दोन दिवस त्या कावळ्याच्या भरवशावर बसली होती.

गावात शिरलो तेव्हा उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. दारं बंद, गल्लीत माणूस नाही. त्या घराच्या मागच्या अंगणात मात्र सगळं घर जमलेलं होतं. घागरीपुढे पान वाढलेलं. पानात पाच लाडू. कौलावर पितरांचा घास ठेवलेला, त्यातही लाडवाचा तुकडा. वर आभाळात एकही पक्षी नव्हता. म्हातारी हात जोडून कौलाकडे बघत होती आणि हळू आवाजात मेलेल्या मुलाची समजूत घालत होती, की बापा, पोरीला आम्ही सांभाळू, तू रुसू नको, शिव. कितीतरी वेळ ते असेच उभे होते. घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भीती होती, की मेलेला माणूस नाराज आहे. पोरगी भुकेने रडून रडून थकली होती. जावेने तिचं मनगट घट्ट पकडून ठेवलं होतं.

मी पुढे होऊन पान उचललं. म्हातारी ओरडली नाही. माझ्यामागे जीपमधून उतरलेल्या सुनेकडे ती बघत होती. आज तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, कपाळ मोकळं होतं. म्हातारी जावेला म्हणाली, "तुले दिसस का ती?"

जाऊ म्हणाली, "दिसस, आई."

लाडू, कौलावरचा घास, सगळं पंचांसमोर सीलबंद केलं. डबा केळीच्या बागेतून तिने स्वतः काढून दिला. तसा निवेदन पंचनामा झाला. बाहेर आगीचं ऊन आणि आत हिरवा काळोख, पायांखाली गार चिखल. ती वाकून हातांनी माती उकरत होती आणि वरची पानं वारा नसताना हलत होती.

लाडवांत विष निघालं. खटला उभा राहिला आणि तिला जन्मठेप झाली. नवऱ्याचा हात फार चालायचा, हे तिने कोर्टात सांगितलं नाही. मला एकदा सांगितलं. तुझंही डोकं फिरलं असेल, मी म्हणालो होतो. ती म्हणाली, नाही साहेब, दीड महिना डोकं ठिकाणावर ठेवलं, म्हणून जमलं.

जावेवर गुन्हा नोंदवणं भाग होतं. तिला मी विचारलं, एवढी जोखीम घेतलीस, काय विचार केलास? ती परत आली नसती तर? खुनातल्या बाईच्या जागी तू बसली असतीस. जावेने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं आहे. म्हणाली, ती म्हणाली पोरीला पाहते, मी बांगड्या उतरवल्या. जिवंत नवऱ्याच्या बायकोने बांगड्या उतरवून, कुंकू पुसून, विधवेचं लुगडं नेसून साडेचार तास बसणं काय असतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. कोठडीतल्या म्हातारीला ऐकू आलेलं रडणं तेच होतं. पण उतरवताना तिने क्षणभरही विचार केला नव्हता. वडा खाणाऱ्या माझ्या कैद्याइतकासुद्धा नाही.

न्यायाधीशांनी तिला कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा दिली. मी माझ्या अहवालात माझ्या दोन्ही चुका लिहिल्या. पेटी तपासली नाही, आणि बायका पळत नाहीत असं गृहीत धरून पहारा काढला. वरिष्ठांनी ताशेरे ओढले ते पहिल्या चुकीवर. दुसरी कुणालाच चूक वाटली नाही.

पुरुष असे आणि बायका अशा, ही माझी मांडणी त्या आखाजीला मोडली. दीड महिना डोकं ठिकाणावर ठेवणाऱ्या बाईने एका श्वासात गाडी मागितली आणि स्वतःच्या गळ्यात दोर घालून घेतला. त्यानंतर गुन्हेगारासमोर बसताना मी आधीपासून काही ठरवून बसलो नाही. माणूस कशाला भितो हे त्याच्या भिंतीकडे बघून कळत नाही. भिंतीपलीकडे त्याचं काय राहिलंय, ते शोधावं लागतं.

दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी धुळ्याच्या तुरुंगात गेलो तेव्हा ती दिसली. गहू निवडत होती. तिने ओळखलं. मुलगी जावेजवळ आहे, शाळेत जाते, म्हणाली. एक प्रश्न माझ्या मनात राहून गेला होता, तो मी विचारला. भुसावळ जवळ होतं, गाड्या होत्या, साडेचार तास कुणी शोधणारं नव्हतं. तू परत का आलीस?

मला वाटलं मुलीचं नाव घेईल, किंवा जावेचं. तिने सुपातला खडा काढून बाजूला ठेवला.

"तिन्या बांगड्या मना हातमा व्हत्यात, साहेब. सवाष्णना बांगड्या त्या. कितला येळ घालू?"

यंदा माघात माझी पत्नी गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला, कपाळ कुंकवाने माखलं. मी उंबऱ्याशी उभा राहून पाहत होतो. बांगड्यांचा आवाज झाला तेव्हा मला एकदम ती ओसरी आठवली, आणि कपाळाला कुंकू लागलेली झोपलेली पोर. तिथे वाकून आईने कपाळाला कपाळ टेकवलं होतं. एवढंच झालं होतं.

आता दुपारी घर शांत असतं. कधीकधी आतल्या खोलीत काकणं वाजल्यासारखी वाटतात. मी उठून बघायला जात नाही.